घरच्या गॅरेजमध्ये पिकअप खाली उतरवायची असेल तर आधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप, लॅडर चेसिस, पुढे वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग, मागे अखंड हाउसिंग (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी जाड लोखंडी नळी) आणि पाटे. ट्रॉली जॅक आणि रोजच्या पान्यांवर ती पुढून २ इंच आणि मागून ४ इंच खाली आणायची आहे. मागे ठोकळे टाकायचे आणि पुढच्या कॉइलचं एक वेटोळं कापायचं, असा बेत आहे. चालेल का?

मागचे ठोकळे चालतील, पण काही अटींवर. पुढची कॉइल कापू नका. त्याहून चांगला मार्ग आहे आणि तो घरी जमण्यासारखा आहे. मागचा ४ इंच हा आकडा मात्र अजून पक्का धरू नका. गाडी खाली आणणं फारसं अवघड नाही. खाली आणल्यावर चाकाला वर उचलायला जागा शिल्लक ठेवणं, हे खरं काम आहे. खड्डा किंवा गतिरोधक आला की चाक चेसिसच्या दिशेने वर येतं आणि शेवटी बंप रबर त्याला अडवतं. तोवरचं जे मोकळं अंतर असतं, ती चाकाची चाल. स्प्रिंग बदलून किंवा ठोकळे टाकून गाडी २ इंच उतरवली की चाल तेवढीच, २ इंचांनी घटते. गाडी यापुढे उरलेल्या चालीवर चालणार आहे, म्हणून हिशोब तिथून सुरू करायचा. सामान मागवण्याच्या आधी.

मोजणी अशी करा. हौदा रिकामा, टाकी साधारण निम्मी, टायरमध्ये ठरलेली हवा आणि गाडी सपाट जमिनीवर. चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. जमिनीपासून मोजू नका, कारण हवा कमी-जास्त झाली किंवा टायर झिजला की तो आकडा बदलतो. मग खाली वाका आणि मागे हाउसिंग ते बंप रबर, पुढे लोअर आर्मचं रबर ते त्याची बैठक, ही अंतरं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूत मुळातच ५ ते १० मिलिमीटरचा फरक निघू शकतो. तो आधी माहीत असला की नंतर आपण काही चुकीचं बसवलं का, या शंकेत वेळ जात नाही.

आता सध्याची चाल प्रत्यक्षात किती वापरली जाते ते पाहायचं. शॉकअॅब्सॉर्बरचा दांडा उघडा असेल तर त्यावर प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बसवा आणि ती खाली सीलपर्यंत सरकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावरून, नेहमी जेवढं वजन असतं तेवढं घेऊन फिरून या. शॉक दबतो तेव्हा टाय दांड्यावर वर ढकलली जाते आणि तिथेच राहते, म्हणजे सर्वांत मोठा धक्का कुठवर गेला ते कळतं. दांड्यावर झाकण असेल तर बंप रबराच्या टोकाला मळलेल्या मातीचा गोळा चिकटवा. तो किती चपटा झाला यावरूनही अंदाज येतो.

एक उदाहरण घेऊ. मागे रिकाम्या गाडीत हाउसिंगपासून रबरापर्यंत १५० मिलिमीटर आहेत असं धरा. ४ इंच म्हणजे १०० मिलिमीटर गेले, उरले ५०. तेही हौदा रिकामा असताना. पूर्ण वजन भरल्यावर पाटे ७५ मिलिमीटर बसत असतील, तर ही गाडी उभी असतानाच रबरावर टेकलेली असेल. मग प्रत्येक खड्डा थेट चेसिसमध्ये जातो. अशा गाड्यांच्या चेसिसच्या खालच्या अंगाला, हाउसिंगच्या बरोबर वर, रंग उडून लोखंड चकचकीत झालेली चंद्रकोर दिसते. रबर फाटून हाउसिंगची नळी लोखंडावर आदळत असल्याची ती खूण. काही गाड्यांत तिच्या कडेला केसाएवढी भेगही सापडते. तशी भेग दिसली तर ठोकळे, स्प्रिंग वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी चेसिसचं काम करावं लागतं.

म्हणून पहिला निर्णय वापराचा. गाडी माल वाहणार असेल तर मागे २ इंचांपेक्षा जास्त उतरवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पिकअपचा मागचा भाग मुळातच उंच ठेवलेला असतो, वजन पडल्यावर ती सपाट व्हावी म्हणून. रिकाम्या गाडीत तो उंचावा नकोसा वाटतो, आणि पुढे २ मागे ४ ही जोडी त्यासाठीच लोकप्रिय आहे. रिकामी असताना ती सुंदर सपाट दिसते आणि वजन टाकलं की नाक वर करून बसते. हौदा बहुतेक वेळ रिकामाच राहणार असेल आणि मोजणीत निदान ५० ते ६० मिलिमीटर उरत असतील, तरच ४ इंचांचा विचार करा. तेवढेही उरत नसतील तर हाउसिंगच्या वर चेसिसला अर्धगोल खाच पाडून आतून जाड प्लेटचं कवच बसवावं लागतं. त्याला सी-नॉच म्हणतात. चेसिसवरचा वाकण्याचा ताण सर्वांत जास्त तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत असतो, आणि खाच नेमकी खालच्या पट्टीत पडते. म्हणून हे काम ग्राइंडर हातात आहे एवढ्यावर करायचं नाही. बोल्टने बसणारा तयार संच असेल तर त्याची भोकं अचूक पाडून, १०.९ ग्रेडच्या बोल्टने बसवता येतो. वेल्डिंग करायचं असेल तर चेसिसच्या वेल्डिंगचा अनुभव असलेल्या माणसाकडून करून घ्या.

पाट्यांच्या गठ्ठ्यातले एक-दोन पाटे काढून गाडी खाली आणण्याचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. त्याने गाडी बसते खरी, पण चाल कमी होत असतानाच पाटे मऊ होतात, म्हणजे उरलेली चाल आणखी लवकर संपते. शिवाय ब्रेक मारताना आणि वेग वाढवताना हाउसिंगला पिळण्यापासून रोखण्याचं कामही पाट्यांचंच असतं.

ठोकळा घेण्याआधी गाडीखाली जाऊन एक गोष्ट नक्की पाहा: पाटा हाउसिंगच्या वरून जातो की खालून? खालून जात असेल तर ठोकळा दोघांच्या मध्ये बसतो, हाउसिंग चेसिसच्या जवळ जातं आणि गाडी खाली येते. बऱ्याच टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये अशीच रचना असते. पाटा वरून जात असेल तर तोच ठोकळा गाडीला उंच करील. तशा गाडीत पाटा हाउसिंगच्या खाली घ्यावा लागतो. त्याने हाउसिंगच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी मिळून साधारण ५ ते ६ इंच एकदम उतरतात आणि सी-नॉच जवळपास अटळ होतो. थोडंसंच उतरवायचं असेल तर शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) किंवा त्याचा चेसिसवरचा ब्रॅकेट बदलण्याचा मार्ग राहतो. हाउसिंग पाट्याच्या साधारण मध्यावर असतं, त्यामुळे पाट्याचं मागचं टोक २ इंच वर गेलं की गाडी फक्त १ इंच उतरते, हे मोजमाप ठरवताना लक्षात घ्या.

आता पुढचा भाग. कॉइल कापायला मी नाही म्हणतो त्याची कारणं दोन आहेत. पहिलं, बऱ्याच कॉइलचं टोक वेटोळ्यांमधलं अंतर कमी करून मुद्दाम सपाट बसेल असं घडवलेलं असतं. ते कापल्यावर स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही, फिरते आणि मोठ्या उसळीत जागेवरून सुटू शकते. दुसरं, किती कापलं की किती उतरेल याचा अंदाज चुकतो. स्प्रिंगचा कडकपणा कार्यरत वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. ८ पैकी १ वेटोळं गेलं की उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. त्यात ती लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसलेली असेल तर स्प्रिंगपाशी १ सेंटिमीटर कमी झालं की चाकाशी जवळपास २ सेंटिमीटर कमी होतात. अर्धा इंच जास्त कापलेलं परत जोडता येत नाही. गॅसच्या ज्योतीने कॉइल तापवून बसवण्याचा प्रकार तर पूर्ण वर्ज्य समजा. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक उष्णतेवर पाणी देऊन तयार केलेलं असतं. लाल होईपर्यंत तापवलं की ते पाणी जातं आणि स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा एके दिवशी तुटते.

त्याऐवजी ड्रॉप स्पिंडल घ्या. यात दोन्ही बॉल जॉइंटच्या (स्पिंडल वरच्या आणि खालच्या आर्मला जोडणारे फिरते सांधे) जागा मूळच्याच राहतात, फक्त चाक ज्यावर फिरतं तो दांडा २ इंच वर बसवलेला असतो. चाक वर गेलं म्हणजे गाडी खाली आली. स्प्रिंग तीच, आर्मचे कोन तेच, शॉक तोच आणि चाल एका मिलिमीटरनेही कमी होत नाही. समजा पुढे मूळची चाल ८० मिलिमीटर आहे. कॉइल कापून २ इंच उतरवलं तर ३० उरतात, ड्रॉप स्पिंडलने उतरवलं तर ८० च राहतात. फक्त टायर मडगार्डच्या जवळ जातो, तेवढं तपासावं लागतं. छोट्या रिमच्या आत टाय रॉडचं (स्टीअरिंगकडून चाक वळवणारी सळई) टोक किंवा कॅलिपर घासतो का, हेही पाहा. चाक एका पूर्ण वळणावर आणि दुसऱ्या पूर्ण वळणावर हाताने फिरवून बोटभर जागा सगळीकडे राहते याची खात्री करा.

आणखी एक कारण आहे, ते फार थोडे लोक सांगतात. गाडी खाली आली की वळणावर कमी झुकेल, अशी सर्वांची समजूत असते. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. पण गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू आर्मच्या कोनांवर ठरतो, आणि स्प्रिंग आखूड केल्यावर आर्म वरच्या बाजूला झुकले की तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जाऊ शकतो. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढतं आणि स्प्रिंगचा कडकपणा तोच असेल तर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. शिवाय टाय रॉड आणि आर्म यांचे कोन एकमेकांपासून फारकत घेतात, त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली होताना ते आपोआप थोडं वळतं आणि स्टीअरिंग हातात ओढल्यासारखं वाटतं. ड्रॉप स्पिंडलने या दोन्ही गोष्टी बहुतांशी टळतात.

ज्यांच्या पिकअपला पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे लांब दांडे) आहेत त्यांना बोल्ट सैल करून गाडी उतरवता येते. हे फुकट आहे आणि परत फिरवता येतं, पण चाल तितकीच घटते. एक इंचाच्या पुढे जाऊ नका. बोल्ट फिरवण्याआधी चाक हवेत लटकू द्या, मूळ जागी रंगाची खूण करा आणि दोन्ही बाजूंचे फेरे मोजा.

आता सुरक्षितता, आणि इथे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. गाडीत बसवलेली कॉइल दाबलेली असते. १ मिलिमीटर दाबायला १०० न्यूटन लागणारी कॉइल १०० मिलिमीटर दाबलेली असेल तर ती साधारण एक टन जोराने बाहेर येऊ पाहत असते, आणि तिच्यात ५०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ५० किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडल्यावर जेवढी ऊर्जा असते, तेवढी. ड्रॉप स्पिंडल बसवताना स्प्रिंग काढायची नसली तरी बॉल जॉइंट सुटतात, म्हणजे तिला धरून ठेवणारी कडी सुटते. त्या क्षणी लोअर आर्मखाली जॅक भक्कम हवा.

जमीन काँक्रीटची आणि सपाट हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा. जॅक स्टँड चेसिसखाली, गाडीच्या वजनाला पुरेसे, आणि त्यावर गाडी ठेवल्यावर बाजूने जोर लावून हलवून पाहा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. एक साखळी कॉइलच्या वेटोळ्यातून आणि लोअर आर्ममधून ओवून बोल्टने बंद करा. काही सुटलंच तर स्प्रिंग उडून जाणार नाही. शॉक जागेवरच राहू द्या, तोही आर्मला एका मर्यादेपलीकडे खाली जाऊ देत नाही. डोळ्यांवर चष्मा, आणि घरात दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर.

चाक काढा. ब्रेक कॅलिपर सोडून तारेने आर्मला बांधा, होजवर लटकू देऊ नका. टाय रॉड सोडा. मग ट्रॉली जॅक लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावून वजन घ्या. चेसिस स्टँडवरून उचलली जाणार नाही एवढंच. बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढा, नट सैल करा, पण तीन-चार आटे लागलेलेच ठेवा. दुफळी पहार घालून जॉइंट उपटण्यापेक्षा स्पिंडलच्या ज्या डोळ्यात जॉइंटचा निमुळता दांडा बसतो त्याच्या बाजूवर जड हातोडीचे दोन-तीन ठोके द्या. डोळा क्षणभर विस्फारतो आणि दांडा ठक्‌ करून सुटतो, रबरी बूटही फाटत नाही. आधी वरचा, मग खालचा. दोन्ही सुटल्यावर जॅक न हलवता नट पूर्ण काढा, जुना स्पिंडल बाहेर, नवा आत. हब आणि बेअरिंग नव्यावर घेताना जुनं ग्रीस पुसून नवं भरा, बेअरिंगचा ताण सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ठेवा. स्प्लिट पिन नव्या वापरा. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडू नका. काही कुठे बसत होतं अशी शंका आली तर न उघडलेली बाजू समोर असते.

मागचं काम त्या मानाने सोपं आहे. चेसिस पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या पुढे स्टँडवर, हाउसिंग ट्रॉली जॅकवर, पुढच्या चाकांना अडण्या. शॉकचे खालचे बोल्ट काढा. एका वेळी एकाच बाजूचे यू-बोल्ट (हाउसिंगला पाट्याशी बांधणारे) सोडा, दुसरी बाजू बांधलेली राहू द्या, नाहीतर हाउसिंग फिरतं आणि परत जागेवर आणायला दमछाक होते. ठोकळ्याची पिन हाउसिंगच्या बैठकीतल्या भोकात आणि पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं ठोकळ्याच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. ही जोडी बसली नाही तर हाउसिंग तिरकं होतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. दोन ठोकळे एकावर एक रचायचे नाहीत, लाकडाचे तर मुळीच वापरायचे नाहीत. यू-बोल्ट नवेच घ्या, योग्य लांबीचे. जुन्यांचे आटे एकदा ताणले गेलेले असतात. चारही नट आलटून पालटून, फुलीच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा. शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्यापासून हाउसिंगपर्यंतचं अंतर मोजून सारखं आहे ते पाहा.

आता एक असं पाऊल जे घाईत सुटतं. शॅकलचे, पाट्याच्या डोळ्यांचे किंवा आर्मच्या बुशचे बोल्ट सोडले असतील तर ते चाकं लटकत असताना पूर्ण आवळू नका. रबरी बुश फिरून सरकत नाही, ती पिळली जाते. लटकत्या स्थितीत आवळली की गाडी जमिनीवर आल्याक्षणी तिला पीळ बसतो, तो कायम राहतो. गाडी ठरलेल्यापेक्षा उंच उभी राहते आणि बुश थोड्याच काळात फाटते. हाताने लावून घ्या, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे थोडी फिरवा, कोपरे दाबून उसळवा, आणि मग शेवटचा टॉर्क द्या.

यानंतर प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्समधून निघणारा दांडा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा दांडा एकमेकांना समांतर असावे लागतात, म्हणजे दोन्ही टोकांच्या क्रॉसमध्ये (शाफ्टचे फिरते सांधे) कोन सारखे होतात आणि एकाचा झटका दुसरा खोडून काढतो. पाट्यांच्या गाडीत वेग वाढवताना पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते एक ते दोन अंश खाली ठेवतात. सरळ ठोकळ्याने पिनियनचा कोन बदलत नाही, पण शाफ्टचा बदलतो. शॅकलने उतरवलं तर पाट्याचं मागचं टोक वर जातं आणि पिनियनचं नाक खाली झुकतं. चुंबकाचं डिजिटल कोनमापक काम सुरू करण्याआधी आणि नंतर, गाडी चाकांवर असताना, दोन्ही जागी लावा. फरक आला तर पोलादी पाचर घाला. पाटा हाउसिंगच्या खाली असेल तर पाचरेचं जाड टोक पुढे ठेवल्यावर नाक वर येतं, पाटा वर असेल तर उलट. प्रत्येक क्रॉसमधला कोन ३ अंशांच्या आत ठेवा, पण शून्यही नको. अर्धा-एक अंश असला की क्रॉसमधल्या सुया फिरत्या राहतात, नाहीतर त्या एकाच जागी खड्डे पाडतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगची उंचीही याच हिशोबात येते. ठरावीक वेगात सीटखाली गुरगुर जाणवली तर बॅलन्सिंगकडे धावण्याआधी हे कोन पाहा.

ब्रेकचा एक मुद्दा जिवाशी संबंधित आहे. बऱ्याच पिकअपमध्ये हाउसिंगपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत लहानशी सळई किंवा स्प्रिंग गेलेली असते. हौद्यात वजन पडलं, चेसिस खाली आली, की तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकाम्या गाडीत कमी दाब देतो, कारण मागची चाकं हलकी असतात. आता तुम्ही गाडी ४ इंच उतरवली की या व्हॉल्व्हला वाटतं हौदा भरलेला आहे. ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीने जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी बंद पडतात आणि गाडीची शेपूट पुढे येऊ पाहते. म्हणून सळईचा ब्रॅकेट तेवढाच हलवून तिचा मूळचा कोन परत आणा. त्यासाठी काम सुरू करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि मॅन्युअलमधली सेटिंगची पद्धत पाळा. नंतर मोकळ्या जागेत, कमी वेगात, रिकाम्या गाडीने तपासा की मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडत नाहीत. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो, पण नाही असं गृहीत धरू नका. खाली जाऊन बघा.

मागचे शॉक बहुधा बदलावे लागतील. मूळ शॉक खाली बसलेल्या गाडीत आधीच अर्धा दबलेला असतो आणि बंप रबर टेकण्याआधी आतल्या आत तळाला आपटतो. त्याचे व्हॉल्व्ह तिथेच संपतात. शॉक काढून हाउसिंग रबराला टेकेपर्यंत उचला, वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा, आणि त्याहून निदान २ ते ३ सेंटिमीटर आखूड मिटणारा शॉक घ्या, कारण रबरही दबतं. मूळ बंप रबर उंच असेल तर ठेंगणं रबर लावा. काढून टाकू नका. त्याच वेळी ब्रेक होज, हँडब्रेक केबल आणि एबीएसची वायर पाहा. हाउसिंग वर गेल्यावर त्यांना सैलपणा येतो आणि त्या टायरला किंवा सायलेन्सरच्या नळीला घासायला लागतात. सायलेन्सर हाउसिंगच्या वरून जात असेल तर त्याचीही जागा मोजा.

हेडलाइट विसरू नका. समजा दोन चाकांमधलं अंतर ३ मीटर आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा ५० मिलिमीटर जास्त उतरला म्हणजे गाडी जवळपास एक अंश मागे झुकली, दर १० मीटरला सुमारे १७ सेंटिमीटर. लो बीम साधारण १ टक्का खाली, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली ठेवलेला असतो. तुमचा प्रकाश आता समोरच्याच्या डोळ्यांकडे जाईल. काम सुरू करण्याआधी भिंतीवर प्रकाशाची कड चिकटपट्टीने आखून ठेवा, दिव्याची नवी उंची ध्यानात घेऊन नंतर स्क्रूने ती खाली आणा. काचेमागे कॅमेरा किंवा ग्रिलमागे रडार असलेली गाडी असेल तर त्यांचं कॅलिब्रेशनही करून घ्यावं लागतं.

तोच एक अंश पुढच्या कास्टरमध्येही (बाजूने पाहिल्यावर स्टीअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल) येतो. कास्टर तेवढा वाढतो, स्टीअरिंग किंचित जड होतं. अलाइनमेंटला जाण्याआधी घरी दोरीने टो (वरून पाहिल्यावर चाकांचं आत किंवा बाहेर वळलेलं असणं) अंदाजे सरळ करा आणि सावकाश जा. कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल), कास्टर, टो तिन्ही पाहायला सांगा, नुसता टो नव्हे. उतरवलेल्या गाडीत टायरची आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला दोष देतात, पण टायर लवकर खाणारा बहुतेक वेळा टो असतो. तळहात टायरवर आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकला आहे.

चेसिसला खाच पाडणार असाल तर आपल्याकडच्या वाहन नियमांत ते बसतं का, हे सामान घेण्याआधी विचारा, आणि उंची बदलल्याचं विमा कंपनीला कळवा. मूळ स्पिंडल, शॉक आणि बंप रबर तेल लावून जपून ठेवा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. ठोकळा आणि पाटे एकमेकांत बसत जातात, त्यामुळे नट थोडे फिरतीलच. ५०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा. त्या वेळी चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजा. ५ मिलिमीटरहून जास्त बदल झाला असेल तर टो पुन्हा लावून घ्या, नसेल तर पुढच्या टायर रोटेशनपर्यंत अलाइनमेंटला हात लावायची गरज नाही.